वाफ्यातले सलगम

मातीतून वर आलेला सलगमाचा खांदा जांभळा होता, वांग्याहून फिका, आणि मातीला टेकतो तिथे एकदम पांढरा. कपडे वाळत घालता घालता पद्मजा वाकली आणि तिने बोटाने माती बाजूला सारली. भरला होता. आता आणखी ठेवला तर आत दोरे होतील... ग्वाल्हेरला आई म्हणायची, सलगम आणि लेक वेळेत काढावी, आणि मग स्वतःच हसायची, कारण लेकीला तिने चांगली बी.ए. होईपर्यंत घरात ठेवून घेतली होती.

बी भाऊने आणलं होतं, भाऊबीजेला आला तेव्हा, कागदाच्या पुडीत. मालाडच्या या घराच्या परसात केळ होती, अळू होतं, कढीपत्ता होता. पण सलगम इथे कुणी लावला नव्हता, सासऱ्यांनी, अण्णांनी तर तो पाहिलाही नव्हता. सासरी आल्यापासून तिने या घरचं सगळं शिकून घेतलं होतं, आमटीत गूळ किती, कोकम कधी — आणि कुणी तिला विचारलं नव्हतं, तुमच्याकडे हिवाळ्यात काय करतात गं? विचारलं नाही म्हणून तिला वाईटही वाटलं नव्हतं. आज मात्र तो जांभळा खांदा पाहता पाहता हातातलं ओलं धोतर तिने उलटंच दोरीवर टाकलं.

पोळ्या लाटताना ती मनातल्या मनात स्वयंपाक करत होती, वेगळाच. जाड फोडी, जिरं, आलं, थोडा गूळ, झाकण ठेवून अगदी मऊ होऊ द्यायच्या आणि डावाने ठेचायच्या — आई त्यावर तूप सोडायची आणि बाबा बोलणं थांबवायचे. किंवा निखाऱ्यात भाजून भरीत. किंवा पातळ चकत्या, मोहरी फेसून, बरणीत पाण्यात बुडवून गच्चीवर उन्हात... रोज आम्ही भावंडं जाऊन झाकण उघडायचो, आंबट झालं का, झालं का, आणि होईपर्यंत बरणी अर्धी व्हायची. पाल्याचीही भाजी करीन मी. काहीही टाकणार नाही.

"पोळी करपली," माई म्हणाल्या.

तिने ती उलटली. सासूबाईंशी बोलायला हीच वेळ बरी होती; अण्णा आणि तिचा नवरा चंद्रप्रकाश आंघोळीच्या गडबडीत होते.

"माई, सलगम तयार झालेत. आज भाजी करू?"

"परसातलं पहिलं देवाला."

"हो, नैवेद्यातच वाढू."

"नैवेद्याला सलगम चालत नाही. कांदालसणातला तो." माईंनी ताकातली रवी काढली, निथळली. "देवाला दाखवल्याशिवाय आपण खायचं नाही आणि हा देवाला दाखवता येत नाही. शेजारच्या कार्मेनकडे देऊन टाक सगळे. संध्याकाळपर्यंत वाफा मोकळा कर, मेथी टाकू."

आवाजात राग नव्हता, आणि तीच पंचाईत होती. रागाची समजूत काढता येते. हे म्हणजे पेटीला कुलूप लावावं आणि किल्ली पेटीतच टाकावी तसं झालं. आईही सलगम देवाला दाखवत नसे. देवाचं देवाला, आपलं आपल्याला, म्हणायची, आणि ताटं घ्यायची. दोन घरं, देव तेच... हे माईंना कसं सांगायचं? सांगितलं तर माहेरची बढाई होते.

दुपारी माई हळदीकुंकवाला गेल्या. पद्मजा खुरपं घेऊन परसात आली. कुंपणापलीकडे कार्मेन कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"कार्मेनबाई, टोपली द्या. सलगम तुम्हाला द्यायचेत."

"सगळे? आणि तू काय खाशील गं?" कार्मेनने पदर खोचला. "मी तर मटणात टाकीन, बाटली मसाला घालून. तुला नाय चालायचं ते. पण पयला एक असाच खाऊन बघ ना, मीठ लावून."

टोपली घेऊन पद्मजा वाफ्याशी बसली. पहिला उपटला तेव्हा मुळाने माती सोडताना बारीकसा आवाज केला, आणि तिला इतका आनंद झाला की तिने इकडेतिकडे पाहिलं. तो धुतला. टोपलीत ठेवायला हात नेला — आणि हात तिथेच राहिला. देवाच्या आधी. अण्णांच्या आधी. चंद्रप्रकाशच्या, माईंच्या, सगळ्यांच्या आधी... या घरात आजवर मी कशाचाही पहिला घास खाल्लेला नाही. मीठसुद्धा चाखून पाहायचं नाही, अंदाजाने घालायचं.

तिने सालासकट चावा घेतला. आधी गोड, थंड पाणी. मग मागून मोहरीसारखी झणझण, थेट नाकात. डोळ्यांत पाणी आलं. तिने पूर्ण खाल्ला, शेंड्यापर्यंत, मीठ न लावता. पापाची वाट पाहिली थोडा वेळ. कोंबड्या ओरडत होत्या, कार्मेन आत गेली होती. बाकीच्या सलगमांना तिने हात लावला नाही.

दिवे लागले तशा माई आल्या. हातात वाण होतं, कपाळावर कुंकू दाट. मागच्या दारातून त्यांनी परसाकडे पाहिलं. वाफा तसाच होता, रिकामी टोपली कडेला.

"दिले नाहीस?"

कार्मेनला वेळ नव्हता, म्हणता आलं असतं. खुरपं मोडलं म्हणता आलं असतं. छातीत धडधडत होतं, पण ते भीतीचं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिलाच नवल वाटलं.

"नाही. एक मी खाल्ला."

माई दारातच थांबल्या. वाण तसंच हातात. आत अण्णांनी पाट मांडल्याचा आवाज आला. आता पुरुषांची पानं, मग माईंचं, मग तिचं, निवलेल्या आमटीशी. रोज त्या वेळेपर्यंत तिची भूक मरून जायची आणि तिला कळायचंही नाही. आज मात्र माईंच्या समोर, उत्तराची वाट पाहत उभं असताना, पद्मजाला सपाटून भूक लागली होती, आणि ती लपवावी असं तिला वाटेना.