तपासनीसांच्या वर्गातला ओंडका

मित्रांनो, नागपुरात लाकूड तपासनीस घडवणाऱ्या वर्गाच्या दाराशी अर्धवट चिरलेला एक सागाचा ओंडका पडला आहे. तो ओंडका मी.

रामटेकच्या पलीकडच्या जंगलात मी सरळसोट वाढलो. १९७४ साली मला तोडून डेपोत आणले, तेव्हा माझी फार वाहवा झाली. वर्ग शिकवणारे महादेवराव शिकाऊ तरुणांना घेऊन माझ्याभोवती फिरले. गाठ नाही, पोकळी नाही, चीर नाही, असे सांगत त्यांनी मला पहिल्या प्रतीचा शिक्का मारला. बुडाशी एक निळसर काळा डाग होता. तो ओलीचा असेल, असे म्हणून ते पुढे गेले.

मुलांना चिराई दाखवायची म्हणून मला लगेच आरामशीनवर चढवले. मशीन बाबाराव चालवत. करवत माझ्या अंगात सुरळीत शिरत होती आणि एकदम कडाड आवाज झाला. पाते तुटून उडाले. बाबाराव आपल्या उजव्या हाताकडे नुसते पाहत राहिले. त्यावर बोटे नव्हती.

माझ्या पोटात एक लोखंडी खुंटी निघाली. मी कोवळा असताना कुणीतरी ती ठोकली होती. तिच्यावर साल चढली आणि मीही ती विसरलो. काळा डाग त्या लोखंडाचा होता. माझ्या आतून असे काही निघेल, यावर माझाच विश्वास बसेना.

मला जाळून टाकायचे ठरले. महादेवरावांनी शिकवणेही सोडले. महिन्याभराने महादेवराव वर्गातल्या आपल्या वस्तू न्यायला आले, त्याच दिवशी बाबाराव पट्टी बांधलेला हात घेऊन आले.

"डाग दिसला होता मले, बाबाराव," महादेवराव खाली मान घालून म्हणाले. "आता कोणत्या तोंडानं शिकवू?"

बाबारावांनी डावा हात माझ्यावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही घरी बसल्यानं माही बोटं परत येत नाहीत जी. हे लाकूड जाळू नका. पोरायले दाखवा."

महादेवराव पुन्हा शिकवू लागले आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या वर्गाला बाबाराव स्वतः येत. डाव्या हाताने एकेकाचा हात धरून त्या डागावर ठेवत. पुढे याच वर्गात शिकलेल्या कौशल्या नावाच्या मुलीने खापरखेड्याकडच्या एका आरामशीनवर असाच डाग ओळखला आणि चालू मशीन थांबवले. ते ऐकून बाबाराव माझ्यापाशी येऊन बसले आणि पहिल्यांदाच रडले.

आता मला वाळवी लागली आहे. मित्रांनो, झाडाला खिळा ठोकण्याआधी थोडे थांबा. झाड ओरडत नाही. पण लोखंड आत तसेच राहते, आणि पुढे कुणाचा हात त्याच्या वाटेत येईल, हे झाडालाही ठाऊक नसते.