अकरा माणसांचा पूल

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पूल आहे. माझे सगळे खिळे गंजले, राग मात्र गंजलेला नाही.

फिजीतल्या एका ऊसवाल्या शहरात मी नव्वद वर्षे नदीवर उभा आहे. उद्घाटनाला बँड वाजला, भाषणे झाली. त्यानंतर मला कुणी धड रंगही दिला नाही. उसाचे ट्रक, बस, माणसे, सारे माझ्या एकाच पाठीवरून गेले. ट्रकच्या आरशांनी चालणाऱ्यांची कोपरे फुटली. म्हणून गाड्यांसाठी एक आणि पायी जाणाऱ्यांसाठी दुसरा, असे दोन नवे पूल बांधायचे ठरले. त्यात चूक नव्हती. चूक मोजणीत झाली.

नगरपालिकेने साकिउसा नावाच्या कारकुनाला माझ्यावर माणसे मोजायला बसवले. दिवस बाजाराचा, शनिवार. पण त्याच सकाळी आमच्या रग्बी संघाचा अंतिम सामना होता, आणि फिजीत तेव्हा बाजारसुद्धा भरत नाही. साकिउसाने कानाशी रेडिओ धरून अकरा माणसे मोजली आणि अर्ध्या तासात तोही सामना पाहायला पळाला. अकरा माणसांपुरता नकाशा निघाला. पायपुलाची रुंदी सव्वा मीटर.

वासेमादा पलीकडच्या काठावरून अळूचे कंद आणते, धनमती भेंडी. दोघी एकचाकी ढकलगाड्या घेऊन रोज माझ्यावरून जातात. नव्या मोठ्या पुलावर ढकलगाड्यांना बंदी असणार होती. पायपूलही अरुंद निघाला, तर दोघींचा बाजार बुडणार होता. बाजारातल्या जागेवरून वीस वर्षे भांडणाऱ्या या बायका प्रथमच एक झाल्या.

अभियंता नकाशा आणि साकिउसाला घेऊन आला, तेव्हा वासेमादाने माझ्यावर सव्वा मीटर अंतराने खडूच्या दोन रेघा ओढल्या. एका टोकाने ती शिरली, समोरून धनमती. मधोमध गाड्या अडल्या.

"सर ना गं मागे!"

"मी का? तू पोट आत घे, होईल जागा!"

"पोट नव्हे, तुझी भेंडी आडवी आलीय."

अभियंता वैतागला. "बाई, रस्ता सोडा. मोजणीत अकराच माणसं आहेत."

"कुणी मोजली?"

सगळ्यांनी साकिउसाकडे पाहिले. तो पुटपुटला, "बुबू, त्या दिवशी सामना होता." बाजार वासेमादाला बुबूच म्हणतो, म्हणजे आजी.

"ठाऊक आहे. तुझ्याच मागे बसून ओरडत होते मी. तिथे तरी मोजायचं होतंस, मेल्या!"

मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते, शिव्या देत होते. गाड्या हलल्या नाहीत. फेरमोजणीच्या कागदावर अभियंत्याने सही केली, तेव्हाच धनमती मागे सरली.

पुढच्या शनिवारी साकिउसा रेडिओ न घेता बसला. दुपारपर्यंत त्याने एक हजार आठशे सेहेचाळीस माणसे मोजली.

पायपूल आता तीन मीटर रुंद होतो आहे. तो पुरा झाला की मला कापून भंगारात नेतील. परवा साकिउसा माझ्या कठड्याला टेकला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, माफ कर."

मी करणार नाही. नव्वद वर्षांत माझ्यावरून गेलेली सारी माणसे त्याने अर्ध्या तासात अकरांवर आणली.

मित्रांनो, नव्या पुलाला वेळेवर रंग द्या, त्याचे बोल्ट आवळा. आणि एखादी जुनी वस्तू मोडण्याआधी तिच्यावाचून कुणाचे अडते, ते तिथे उभे राहून मोजा. सामना असेल, तर तो संपेपर्यंत थांबा.