पुलाची उलटी छाप

पूल पाडायचा ठरला आणि छापेवाल्याच्या दारात ही झुंबड उडाली! ज्याला त्याला त्या म्हाताऱ्या पुलाचं चित्र घरात हवं. तांब्याच्या पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं होऊन येतं, म्हणून एरवी छापेवाला आरशात बघून सुईने रेघा ओढायचा. या खेपेला घाईत आरसा राहिला. खिडकीतून दिसलं तसं त्याने कोरलं. तेवढ्यात पुलावरचे दुकानदार आणि पाडायला आलेले गडी यांच्यात जुंपली. कुणीतरी मुकादमाच्या डोक्यात हातोडा घातला, मुकादम जागच्या जागी गेला. धुरळ्यात मारणाऱ्याचं तोंड कुणालाच दिसलं नाही. छापेवाल्याने तेही कोरलं. छाप काढल्यावर पुलाचा बुरूज भलत्याच टोकाला गेलेला त्याला दिसला, पण कोण मरायला एवढं बघतंय, म्हणून त्याने प्रती विकून टाकल्या.

बघितलं की! मुकादमाच्या मेहुण्याने बघितलं. बुरूज नाही, डाव्या हातातला हातोडा. आणि पुलावर डावखुरा एकच, छापेवाल्याचा धाकटा भाऊ, छिन्न्यांना धार लावणारा लोहार.

"अहो, तुमच्या भावाला मारतायत!" शेजारीण बोंबलत आली. छापेवाला शाईच्या हातांनीच धावत सुटला.

भट्टीपाशी गड्यांनी धाकट्याचा डावा हात ऐरणीवर दाबून धरला होता.

"थांबा! छाप उलटी येते! मारणारा उजव्या हाताचा आहे!"

त्या गलक्यात ऐकतो कोण? मेहुण्याने घण हाणला. हाडांचा चुरा झाला. धाकटा गुरासारखा ओरडला. मेहुण्याने पुन्हा घण उचलला, आता डोक्यावर. छापेवाला भावाच्या अंगावर पालथा पडला.

"मुडद्यांनो, पूल बघा! अजून उभा आहे! बुरूज कुठल्या टोकाला आहे आणि चित्रात कुठे?"

मेहुण्याने मुठीतला चुरगळलेला कागद उलगडला. पुलाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. घण त्याच्या हातातून गळला.

"उजव्या हाताचे तर आपण सगळेच," मागून कुणीतरी पुटपुटलं. एकेकाने काढता पाय घेतला.

छापेवाल्याने भावाला पोटाशी धरलं. "वाचलास रे राजा! माझंच चुकलं. छाप काढली तेव्हाच दिसलं होतं मला."

"दिसलं होतं?"

आजवर थोरल्यापुढे मान वर न केलेल्या धाकट्याने त्याच्या अशी मुस्काटात भडकावली की त्याचा ओठ फाटला.

"मग विकलंस कशाला, दादा?"