दुसरी मूठ

ती रडली होती. भाताच्या दाटीत पाखराने एकदाच बोलावं, तशी. मग तो आवाज पुन्हा आला नाही.

बेटेगावच्या आमच्या पाड्यावर तो मी एकटीने ऐकला. सोमी सुईण म्हणाली, माझी ही पहिली पोर श्वासाविनाच आली. सासूने, लाडकीबाईने, तिचंच खरं धरलं.

मी माझंच धरून बसले. पण मग मला बरंच काही ऐकू यायला लागलं. विहिरीत पाळणा हलायचा, सुपातले दाणे मला आई म्हणायचे. एकदा भर दुपारी केळव्याच्या वाटेला लागले, समुद्राने लेक नेली म्हणत. ते खरं नव्हतं, आता मलाही कळतं. पण ज्या तोंडाने हे बोलले, त्याच तोंडाने रडण्याचंही बोलत होते. लोकांनी निवडायचं कसं? तुम्हीही माझं जपूनच ऐका.

माझा नवरा जानू तारापूरला वीजघराच्या बांधकामावर दगड वाहायचा. त्याला विचारलं की म्हणायचा, "रडली आसंल. नसंल पन. तू दोन घास खा."

पुढे दुसरी लेक झाली. सारा पाडा जागा करत आली. "हिला तरी समद्यांनी ऐकली," लाडकीबाई म्हणाली. आणि ठरवून टाकलं, की पाचवी झाली की पोर माहीमला नणंदेकडे द्यायची. येड्या आयशीच्या हाती कशी ठेवायची? जानू कामावर निघून गेला. मीही भांडले नाही. तो पहिला आवाजसुद्धा माझ्याच डोक्यातला असला तर?

पाचवीला सोमी आली. आमच्यात त्या दिवशी सुईण पाट्यावर तांदूळ मांडते. आईच्या जितक्या लेकरांनी आवाज दिला, तितक्या मुठी. श्वासाविना आलेल्याची मूठ नसते.

सोमीने मूठ ठेवली, कुंकू लावलं. लाडकीबाई पोर उचलायला वाकली. तेवढ्यात सोमीचा हात पुन्हा सुपात गेला, आणि पहिलीच्या शेजारी तिने दुसरी मूठ मांडली.

"सुईणबाय, हात चुकला तुजा."

सोमी सासूकडे वळलीच नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "नाय चुकला. रडलेली ती, कमळे. माज्या हातावरच गप झाली. तुला कमी दुखंल म्हनून मी बोलली नाय. ही पोर तुज्याजवळच ऱ्हाऊ दे."