फोन करा, असं लिहू नकोस

कानाच्या मशीनच्या कंपनीत तक्रारींना उत्तरं देणारी चार माणसं होती. कच्चं उत्तर एआय लिहायचं, पण त्याला काय सांगायचं ते प्रत्येकाचं वेगळं. कुणाच्या ह्या सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, मोबाइलमध्ये, कुणाच्या ईमेलच्या ड्राफ्टमध्ये. चार तोंडं, चार तऱ्हा.

एकदा एका आजोबांना उत्तर गेलं, 'अधिक माहितीसाठी फोन करा.' आजोबांनी उलट लिहिलं, 'फोनवरचं ऐकू आलं असतं, तर तुम्हाला लिहिलं कशाला असतं?'

विभागप्रमुख मॅडमनी कपाळावर हात मारला. "सगळ्यांचे प्रॉम्प्ट एका ठिकाणी आणा. चांगले तेवढे ठेवा आणि कामाप्रमाणे नावं द्या." चौघांपैकी जिच्या गळ्यात हे काम पडलं, तिला ऑफिसात टापटीप म्हणत.

दोघांनी आपापले लगेच दिले. मास्तर मात्र देण्याचं नाव काढेनात. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांच्या उत्तरांवर ग्राहक चक्क आभार मानायचे.

"मास्तर, तुमचे राहिलेत."

"शोधतो, देतो."

आठवडाभर हेच. शेवटी टापटीप चहाचा कप घेऊन त्यांच्या टेबलाशीच बसली. "खरं सांगा, द्यायचे नाहीयेत ना?"

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "अगं, ते दिले की माझं इथे काय उरतं? माझ्या खुर्चीत उद्या कुणीही बसेल."

भीती खोटी नव्हती. "ते मला नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "पण तुम्ही रजेवर असलात की लोकांना आमची उत्तरं जातात. त्या आजोबांना गेलं, तसं."

संध्याकाळी निघताना मास्तरांनी फाइल पाठवली.

'माफी एकदाच माग. फोन करा, असं लिहू नकोस. तक्रार मुलाने केली असली, तरी उत्तर मशीन घालणाऱ्यालाच लिही.' टापटीपने वाचलं आणि स्वतःचे लांबलचक प्रॉम्प्ट मुकाट्याने काढून टाकले. मास्तरांच्या प्रॉम्प्टना तिने नावं दिली: 'आवाज घुमतो', 'दुरुस्तीला उशीर', 'मशीन हरवलं'. प्रत्येकाखाली लिहिलं, 'अडलं तर मास्तरांना विचारा.'

पुढे बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मास्तरांनी रजा घेतली. ऑफिसातून एकही फोन येईना. न राहवून त्यांनीच टापटीपला केला.

"काही अडलं का?"

"नाही हो मास्तर, सगळं सुरळीत. काकूंचा डोळा कसा आहे?"

"बरा आहे." मग त्यांनी पुन्हा विचारलं, "काहीच नाही अडलं?"

त्यांचा उतरलेला आवाज तिच्या लक्षात आला. "एक आहे खरं. एक बाई म्हणतात, मशीन लावल्यापासून सुनेचं पुटपुटणं ऐकू येतं, तेव्हा परत घ्या. ह्यावर काय लिहू?"

मास्तर इतक्या जोरात हसले की आतून बायकोने विचारलं, "काय झालं हो?"

"ह्याला प्रॉम्प्ट नको," ते म्हणाले. "मी सांगतो, लिहून घे. मशीनला बटण आहे. सून पुटपुटायला लागली की बंद करा, नातवंडं बोलायला लागली की चालू करा."

बाईंनी मशीन परत केलं नाही.