कुमारिका नको म्हणते

दुपारचा चहा झाला की ओवी पुस्तक घेऊन यायची आणि मधुसूदनरावांच्या डाव्या मांडीवर बसायची. त्या पायाचा गुडघा गेले काही महिने दुखत होता. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता दुखणं अंगवळणी पडलं. पाच वर्षांची नात, ती एक ना एक दिवस मांडीवर बसायची थांबणारच. मग आपणच कशाला तिला उठवायचं, असं ते स्वतःला समजावत.

आकुर्डीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथं हळू बोलायचा नियम होता. तो त्यांना इतका मानवला की निवृत्त होऊन पुनावळ्याला मुलाकडे राहायला आले तरी ते तसेच बोलत राहिले. चारचौघांत त्यांचं वाक्य अर्ध्यावर आलं की दुसरं कुणीतरी ते पूर्ण करून टाकी, आणि आपल्याला बहुधा हेच म्हणायचं असेल असं त्यांना वाटे. ओवीपुढं मात्र ते आवाज काढून वाचत. वाघाचा, चिडलेल्या कावळ्याचा, घाटात दमलेल्या इंजिनाचा. घरात हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. दाराची बेल वाजली की इंजिन बंद.

सध्या साळूचं पुस्तक चालू होतं. त्यांची सून शुभदा हिंजवडीला नोकरी करी. ओवीच्या शाळेत पालकसभा झाली, तिथं एक बाई मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलल्या, आणि शुभदानं चित्रांच्या पुस्तकांचा गठ्ठाच मागवला.

"बाबा, रोज एक तरी वाचा तिला. नको वाटलं तर नको म्हणायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

साळू म्हणजे साळिंदराचं पिल्लू. कुणी तिचा गाल ओढतं, कुणी पाहुण्यांसमोर नाच म्हणतं. कोल्हेकाका तर रोज तिला उचलून गरागरा फिरवतात आणि ती रडकुंडीला आली की लाडीगोडीनं म्हणतात, "एवढं एकदाच गं, माझ्यासाठी!" मग साळू ताठ उभी राहते, पाठीवरचे काटे फुलवते आणि म्हणते, "थांबा. आधी मला विचारा." कोल्हेकाका ओशाळतात. शेवटच्या पानावर सगळं रान टाळ्या वाजवतं.

कोल्हेकाकांचा आवाज मधुसूदनरावांना फार छान जमला होता. तो आला की ओवी खांदे मागे टाकून उभी राही आणि साळूचं वाक्य स्वतःच म्हणे. ते बघून त्यांना आनंद व्हायचा आणि थोडी धास्तीही वाटायची. गोष्टीत सगळे एका वाक्यात ऐकतात. बाहेर असं होतं का? त्यांना स्वतःला कधी करून पाहता आलं नव्हतं, त्यामुळं खात्रीनं काही सांगता येत नव्हतं.

नवरात्र आलं. एका संध्याकाळी सोसायटीच्या बागेत सावित्रीबाई त्यांच्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या पाचव्या मजल्यावरच्या. मूळच्या तुळजापूरच्या अलीकडच्या एका गावच्या, आता मुलाकडे येऊन राहिलेल्या. मुलगा सुजित चाकणला गाड्यांच्या कंपनीत होता.

"भाऊ, एक मागायचंय तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "अष्टमीला तुमची नात कुमारिका म्हणून जेवायला धाडता का? गावाकडं आळीतल्या पोरी आपल्या आपण दारात येऊन उभ्या राहायच्या. हितं दारादारावर नावं हायेत, पण आत कोण राहतं ते म्हाईत न्हाई."

मधुसूदनरावांकडे कुणी काही मागायला येत नसे. ते इतके खूश झाले की लगेच म्हणाले, "हो, येईल की! आणतो मी."

ओवीला त्यांनी घरी जाऊन सांगितलं, की सावित्रीआजींकडे खीर-पुरी खायला जायचंय. पाय धुतात, पूजा करतात, हे सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. ते सांगण्यासारखं आहे हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांच्या बायकोनं हयातभर अशा कितीतरी मुलींचे पाय धुतले होते. त्यातल्या एकीला तरी कुणी विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

अष्टमीच्या दुपारी ओवी हिरवा फ्रॉक घालून, हातात बांगड्या खुळखुळवत पाचव्या मजल्यावर उतरली. सावित्रीबाईंच्या घरात उदबत्तीचा आणि तळणीचा वास एकत्र भरला होता. सून स्वप्नाली स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. सुजित कंपनीचा शर्ट घालून, पायांत मोजे चढवून तयार होता. त्याची दुसरी शिफ्ट होती आणि बस चौकातून निघायला फार वेळ नव्हता.

"या काका, बसा," तो म्हणाला. "आईनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. कुमारिका जेवल्याशिवाय घेणारच नाही. डॉक्टर ओरडतात, पण ऐकेल तर आई कसली!"

"तुझी बस जाईल, तू गप ऱ्हा," सावित्रीबाई म्हणाल्या.

ओवीला पाटावर बसवलं. पुढं परात, शेजारी तांब्या, हळदीकुंकवाची वाटी. सावित्रीबाई गुडघ्यावर हात टेकत, कण्हत खाली बसल्या आणि त्यांनी ओवीचा उजवा पाय हातात घेतला.

ओवीनं पाय ओढून घेतला.

"गुदगुल्या व्हतात व्हय?" सावित्रीबाई हसल्या आणि त्यांनी पुन्हा पाय धरला. त्यांचा पदर सावरलेला होता, डोळे मिटत आले होते, कपाळ हळूहळू त्या पायाकडे झुकत होतं.

ओवी धडपडून पाटावर उभी राहिली. तांब्या कलंडला. पाणी सगळ्या फरशीभर झालं. तिनं खांदे मागे टाकले.

"थांबा! आधी मला विचारा."

स्वप्नाली हातात झारा घेऊन बाहेर आली. "अगं बाई! काय म्हणाली ही?"

सुजितला हसू आवरेना. "आई, घे आता देवीची परवानगी. अर्ज कर लेखी."

"इचारायचं काय त्यात, माय?" सावित्रीबाई गोंधळल्या. "आज तू देवी हायेस माझी."

"मी ओवी आहे."

"बरं, ओवी. धुऊ का पाय तुझे?"

मधुसूदनरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. झालं. पुस्तकात अगदी असंच होतं. मोठं माणूस विचारतं आणि गोष्ट संपते. स्वप्नाली आत जायला वळलीसुद्धा. ओवीनं खरोखरच थोडा विचार केला.

"नको," ती म्हणाली.

हे पुस्तकात नव्हतं.

"का गं?" स्वप्नालीनं विचारलं. "त्या काय मारतायत का तुला? मान देतायत, मान!"

ओवीनं कारण दिलं नाही. ते सांगायलाच हवं असं नाही, हेही साळूनंच शिकवलं होतं, बाराव्या की तेराव्या पानावर. सुजितनं घड्याळ पाहिलं. आता तो हसत नव्हता.

"काका, तुम्हीच सांगा की तिला. तुमचं ऐकेल ती. आई किती वेळ अशी बसणार?"

सगळे मधुसूदनरावांकडे बघू लागले. सावित्रीबाईंचे सुकलेले ओठ त्यांना दिसत होते आणि ओवीचे ओले पायही दिसत होते. पोर बरोबर होती. म्हातारीही काही वावगं करत नव्हती. दोघी बरोबर असतील तर चुकतंय कोण? काहीतरी बोलायला तर हवं होतं. ते ओवीपाशी गेले, वाकले आणि शक्य तितक्या गोड आवाजात कुजबुजले, "ओवी, एवढं एकदाच गं. माझ्यासाठी."

ओवीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रोजच्या रस्त्यावर घर सापडू नये तशी ती बघत राहिली.

"आजोबा, तू कोल्हेकाका झालास," ती म्हणाली.

बाकीच्यांना त्याचा अर्थ लागला नाही. मधुसूदनरावांना लागला, आणि ते सोफ्याच्या कडेला जाऊन बसले.

मग ओवीच पाटावरून खाली उतरली. कलंडलेला तांब्या तिनं उचलला. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. "तुम्ही मोठ्या आहात ना," ती सावित्रीबाईंना म्हणाली, "मग तुम्ही माझ्या पायावर डोकं ठेवायचं नाही. मी ठेवायचं. मीच धुते तुमचे." आणि तिनं त्यांच्या पायाला हात लावला.

"न्हाई, न्हाई!" सावित्रीबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "कुमारिकेनं न्हाई शिवायचं पायाला! पाप लागल मला. सोड, सोड!"

ओवीनं ताबडतोब हात काढला. तांब्या खाली ठेवला.

"आजी नको म्हणाल्या," तिनं सगळ्यांना सांगितलं. अगदी शहाण्यासारखं.

आत तेल तापून धूर यायला लागला तेव्हा स्वप्नाली धावली. सावित्रीबाई ओल्या फरशीवर तशाच बसून ओवीकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "जेवशील का, तेवढं तरी सांग."

"हो. मला भूक लागलीय."

ओवी जेवली. खीर दोनदा मागून घेतली, पुरी फुगलेलीच हवी म्हणाली. ती जेवत असताना सावित्रीबाईंनी नजर हलवली नाही. सुजित आईच्या हातात पाण्याचा पेला देऊन, बूट अर्धेच चढवून जिन्यानं पळाला. पेला तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही पुस्तकातली माणसं. पाय धुतले न्हाईत, कुमारिका जेवली. चालतं का हो असं?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे निवाडा मागत होतं. मधुसूदनरावांनी तोंड उघडलं. अनेक ग्रंथांची नावं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, एकातही उत्तर नव्हतं.

"मला नाही हो सांगता येणार," ते म्हणाले.

सावित्रीबाईंनी देव्हाऱ्याकडे मान वळवली. "मग तूच काय ते ठरव, बये," असं म्हणून पेला तोंडाला लावला. रागानं म्हणाल्या की दमून, की आणखी कशानं, ते मधुसूदनरावांना कळलं नाही.

लिफ्टमध्ये ओवीनं त्यांचं बोट धरलं नाही. तेही त्यांना कळलं नाही, की मुद्दाम धरलं नाही, की तिच्या हाताला खीर लागली होती म्हणून.

त्यांनी शुभदाला फोन केला. "बरोबरच केलं तिनं!" शुभदा म्हणाली. "बाबा, तुम्ही तिला गळ घातलीत? अहो, मग ते पुस्तक कशासाठी वाचतोय आपण?" संध्याकाळी मुलगा क्षितिज घरी आला. तो म्हणाला, "एवढं काय, पाय धुतले असते तर झिजले असते का? बिचाऱ्या आजी. बाबा, तुम्ही जरा ठामपणे सांगायचं होतं." दोघांनाही त्यांनी "हो" म्हटलं. दोन्ही वेळा ते मनापासूनच होतं.

रात्रीची जेवणं झाल्यावर त्यांनी साळूचं पुस्तक एकट्यानं चाळलं. त्यातला कोल्हा वाईट होता, अस्वल आडदांड होतं, मावशी भोचक होती. उपाशीपोटी, हात जोडून, मायेनं जवळ येणारं त्यात कुणीच नव्हतं. आणि मांडीवर घेऊन वाचून दाखवणाऱ्यानं ऐन वेळी काय करावं, तेही कुठं लिहिलं नव्हतं. पुस्तक चूक आहे असं म्हणायचं धाडस त्यांना होईना. आपल्यालाच नीट वाचता आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. ओवी आली नाही. आतून तिच्या ठोकळ्यांचा आवाज येत होता. मधुसूदनराव खुर्चीत बसून राहिले. हाक मारावी, तर ती गळ घालणं होईल. न मारावी, तर आजोबा रागावले असं तिला वाटेल. ती परत कधीच आली नाही तर? त्या एका विचारानं त्यांचा चहा कपात निवून गेला. वाघ, कावळा, इंजिन, सगळे घशातच राहणार मग.

ठोकळे थांबले. ओवी पुस्तक छातीशी धरून आली आणि मांडीवर न चढता समोर उभी राहिली.

"आजोबा, तुझ्या मांडीवर बसू का?"

त्यांच्या तोंडावर "ये, ये" आलं होतं. पण ती खरंच विचारत होती. काल सावित्रीआजींपुढं उभी होती तशीच, उत्तराची वाट बघत. हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर काय आहे ते त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

"डाव्या नको," ते म्हणाले. आवाज ग्रंथालयातल्यासारखाच निघाला. "तो गुडघा दुखतो."

"खूप?"

"बराच."

"कधीपासून?"

"पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून."

ओवीचे डोळे मोठे झाले. "मग सांगितलं का नाहीस?"

"माहीत नाही, बाळा. आणि कालचं... काल मी तुला विचारायला हवं होतं. घरीच. त्या आजींना हो म्हणायच्या आधी."

ओवीनं त्यावर मान डोलावली. माफ केलं की नुसतं ऐकून घेतलं, हे त्या मानेवरून ठरवता येत नव्हतं. तिनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं, आतून स्वतःची छोटी लाल खुर्ची ओढत आणली आणि त्यांच्या शेजारी मांडून बसली.

"उजवी चालेल की," मधुसूदनराव घाईनं म्हणाले. "उजवी अगदी ठणठणीत आहे."

"नको. मला इथून चित्रं नीट दिसतात," ओवी म्हणाली. "कोल्हेकाकांचा आवाज काढ."

गुडघ्याला कित्येक दिवसांनी बरं वाटत होतं. मांडी रिकामी रिकामी वाटत होती. आपण बोललो ते बरं झालं की न बोलतो तर बरं, याचा विचार करत त्यांनी पान उलटलं, घसा खाकरला, आणि कोल्हेकाकांचा आवाज आज काही केल्या त्यांना जमेना.