लोकरीची पाने आणि तीन पेले पाणी

मी सूर्यफुलाची वाळवंटातली धाकटी चुलतबहीण बोलते आहे. ताईसारखी उंची मला लाभली नाही. वीतभर देह, राखाडी पाने आणि कोटाच्या बटणाएवढे पिवळे फूल, एवढाच माझा संसार. मात्र वर्षातून चार सरी मिळाल्या, तरी मी कुरकुर करीत नाही.

माझ्या आईचे बिऱ्हाड खडकाळ माळावर, रस्त्याच्या कडेला होते. एका ट्रकचालकाला तिची फुले आवडली. त्याने वाळलेल्या फुलांतून अकरा बिया काडेपेटीत भरल्या आणि घरी बायकोच्या हाती ठेवल्या. नाव ठाऊक नव्हते, म्हणून तो आम्हांला ‘पिवळी’ म्हणाला.

"जपून हं! तो रस्ता रुंद करतायत. पुढच्या खेपेला तिथं एकही पिवळी दिसायची नाही."

एवढे सांगून तो दोन महिन्यांच्या खेपेला निघून गेला.

बायको शिवणकाम करणारी, हाताची नेटकी. तिने काळीभोर माती आणली, खत घातले आणि आम्हांला सावलीत ठेवले. त्या थाटानेच आमचा घात केला. चार बिया कुजल्या, सहा कोवळ्या रोपांनी माना टाकल्या. उरले मी, एकटी.

माया दाटून आली की माणसे पाणी घालतात. चालकाची बायको, म्हणजे घरची सून, सकाळी पेलाभर पाणी घाली. दुपारी ती शिलाई मशीनवर बसली की सासूबाई, "हिला कुठलं भान!" असे पुटपुटत दुसरा पेला ओतीत. सासरे घड्याळे दुरुस्त करीत. संध्याकाळी दुकानातून परतले की तिसरा पेला त्यांचा, दोघींच्या नकळत. मुळे गुदमरून मी मलूल झाले की तिघांनाही वाटे, बिचारी तहानली!

एके दिवशी सासूबाईंना माझ्या पानांवर पांढरे काही दिसले.

"अगं, हिला भुरी लागली! उपटून टाक, नाहीतर बाकीच्या कुंड्यांना लागेल."

"आई, शेवटचं रोप आहे हो. ते आल्यावर काय सांगू?"

"सांग, सासूनं खाल्लं!"

"थांबा," सासरे म्हणाले. "चौकशीशिवाय फाशी नको."

त्यांनी खिशातले भिंग डोळ्याला लावले आणि ते इतके वाकले की त्यांच्या मिशांनी मला गुदगुल्या झाल्या.

"भुरी असती तर बोटाला लागली असती. हे केस आहेत. लोकर! भर उन्हाळ्यात बाईसाहेबांनी शाल पांघरलीय."

"वेड लागलंय का तिला?"

"शहाणपण आहे ते. ऊन अडवायचं, अंगातली ओल राखायची. जी पाण्याला इतकी जपते, तिला…" त्यांनी मातीत बोट खुपसले. चिखलच वर आला. "पाणी कोण घालतं हिला?"

"मी. सकाळी."

"मी दुपारी," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "आणि तुम्ही हो?"

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "संध्याकाळी."

"म्हणजे तिघांनी मिळून पोरीला बुडवलंच की!" सासूबाई म्हणाल्या.

हसता हसता सुनेच्या डोळ्यांना पाणी आले.

"तेल जास्त झालं की घड्याळही बंद पडतं," सासरे ओशाळून म्हणाले. "चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच ऐकवतोय आणि घरात मात्र…"

त्याच दुपारी माझी रवानगी खडी आणि वाळूच्या कुंडीत, भर उन्हाच्या खिडकीत झाली. पंधरा दिवस थेंबही मिळाला नाही. सुनेचे हात शिवशिवत. सासूबाई तिच्यावर पहारा ठेवीत. महिन्याने मला कळी आली.

फूल उमलताच भिंग पुन्हा निघाले.

"अरेच्चा! हे एक फूल नाहीच. कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे एक फूल, आणि मध्ये इवल्या नळ्यांसारखी कितीतरी फुलं. हिचं घराणं सूर्यफुलाचं!"

"मग खानदानी आहे म्हणायची," सासूबाईंनी निकाल दिला.

चालक परतला, तो पायांतले बूट न काढताच खिडकीशी आला. "जगली!" एवढेच तो म्हणाला. सुनेने उगाच पडदा सारखा केला.

आता माझी फुले वाळू लागली आहेत. माझे आयुष्य तसे थोडेच. पण सून माझ्या बिया कागदाच्या पुड्यांत भरून शेजारणींना वाटते आहे. माळावरचे आमचे घर गेले, तरी कूळ बुडाले नाही. वाचकहो, माझी एखादी लेक तुमच्या खिडकीत आली, तर तिला खडी द्या, ऊन द्या. प्रेमही करा, फक्त जरा हात आखडून.